कॉलेजच्या महोत्सवासाठी ॲप करतोय: बाहेरून येणाऱ्या माणसाला नक्की काय लागतं?

जुई_टीई · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार. प्रश्न जरा मोठा आहे, पण ज्यांनी असली कामं प्रत्यक्ष केली आहेत त्यांच्याकडूनच उत्तर हवंय.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सातारा-कोल्हापूर पट्ट्यातलं, नाव लिहीत नाही. आमचा महोत्सव जानेवारीच्या शेवटी असतो, तीन दिवस. नाटक, पथनाट्य, लोकनृत्य, रोबोटिक्स, वादविवाद, रात्री मोठा संगीताचा कार्यक्रम. बाहेरच्या कॉलेजांची मुलं येतात, गावातली माणसं येतात, शाळांच्या सहली येतात. यंदा ॲपचं काम आम्हा चौघांकडे आलंय आणि हातात अडीच महिने आहेत. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड-आयफोन दोन्हींची ॲप बनवायचं गूगलचं साधन) करायचं ठरलंय.

आमचा परिसर डोंगरउतारावर आहे. हायवेला खालचं गेट, मधे मुख्य इमारत आणि लायब्ररी, वर मैदान आणि वसतिगृहं. खालून मैदान दिसतं, पण चढून जाताना दम लागतो.

कमिटीने यादी दिली आहे: फोटोवर लावायच्या फ्रेम, गुणांचा तक्ता, सगळ्यांनी फोटो टाकायची भिंत, चॅटबॉट, उघडताना प्रायोजकाचा व्हिडिओ, आणि फोन नंबर-ओटीपी देऊन लॉगिन. मला ही यादी पटत नाही, पण खोडायची तर बाजू पक्की हवी.

गेल्या वर्षी मी खालच्या गेटवर चौकशीच्या टेबलाला होते. लोक काय विचारतात ते वहीत लिहून ठेवलं होतं. "पथनाट्य कुठं चाललंय?" "सुरू झालं की व्हायचंय?" "लेडीज टॉयलेट?" "आमची मुलगी गाण्यात आहे, तिचा नंबर कधी?" "प्यायचं पाणी?" "वर जायला गाडी आहे का?" पानंच्या पानं हेच. प्रायोजक कोण, हे एकानेही विचारलं नव्हतं.

मग काय ठेवावं, काय सोडावं? आणि मराठी-इंग्रजी दोन्ही ठेवायचं तर कसं?

---

कोडकट्टा · सोमवार, रात्री ११:०२

फ्लटर चालेल, त्यावर चर्चा नको. दोन गोष्टी मात्र याच आठवड्यात बघा.

प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या नावावर आहे? १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस बंद चाचणीत राहावे लागतात. आधी ही अट २० जणांची होती. ते १४ दिवस झाले की अर्ज, मग गूगलची तपासणी. म्हणजे डिसेंबरअखेर कच्चं का होईना, ॲप चाचणीत गेलेलं हवं. संस्थेच्या नावाच्या खात्याला ही अट नाही, पण त्यासाठी डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो आणि तो मिळायला वेळ जातो. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच. ॲपलचे दर वर्षी ९९ डॉलर, त्यामुळे आयफोनवाल्यांना वेब पान द्या आणि मोकळे व्हा.

दुसरं, फायरस्टोअर या गूगलच्या ऑनलाइन डेटाबेसमधून थेट कार्यक्रम वाचू नका. फुकटची मर्यादा दिवसाला ५०,००० वाचनं आहे आणि प्रत्येक कार्यक्रम म्हणजे एक वाचन. तुमचे ३०० कार्यक्रम धरले तर पूर्ण यादी १६६ वेळा उघडली की मर्यादा संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यापर्यंतच संपेल. त्यापेक्षा सगळं वेळापत्रक एकाच जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये टाका आणि ती फाइल सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या सेवेवर, ठेवा. दाबून काही दहा केबी भरते. ॲपने फक्त विचारायचं, "बदललं का?" नसेल बदललं तर सर्व्हर ३०४ म्हणतो आणि जवळपास काहीच उतरवावं लागत नाही.

---

पडद्यामागे · मंगळवार, सकाळी ७:४०

जुई, तुझी ती वही जपून ठेव. कमिटीसमोर तीच तुझी बाजू. सवडीने लिहितो, कारण हा विषय माझ्या जवळचा आहे. कॉलेजात असताना मी रंगमंच सांभाळायचो, पुढे नोकरीत डिझाइनला आलो आणि आता मोठ्या कार्यक्रमांची माहितीव्यवस्था करतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव: वेळापत्रक बदलल्यावर ते ॲपमध्ये कोण बदलणार, हे पहिला पडदा काढण्याआधी ठरव. महोत्सवात वेळापत्रक बदलतंच. परीक्षकांची गाडी घाटात अडकते, आधीच्या नाटकाचा सेट उतरवायला वेळ लागतो, माइक बंद पडतो. ही बातमी सगळ्यात आधी कुणाला कळते? रंगमंचाच्या विंगेत हेडफोन लावून उभ्या असलेल्या पोराला. तो ती त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथून ती समन्वयकाकडे, समन्वयकाकडून प्रसिद्धीवाल्यांकडे जाते आणि प्रसिद्धीवाले कुणीतरी जेवायला गेलेले असतात. तोवर पाहुणा चढ चढून सभागृहाच्या दाराशी पोचलेला असतो आणि दाराला कुलूप. एकदा असं झालं की तो माणूस ॲप पुन्हा उघडत नाही, मग तुमचे रंग कितीही सुंदर असोत.

म्हणून पाहुण्यांच्या ॲपइतकंच महत्त्वाचं दुसरं एक पान कर, विंगेतल्या पोरासाठी. त्यावर त्याच्या रंगमंचाचे आजचे कार्यक्रम आणि प्रत्येकापुढे मोठी बटणं: सुरू झालं, १५ मिनिटं उशीर, ३० मिनिटं उशीर, जागा बदलली, हॉल भरला, रद्द. बस. टाइप करायला काही ठेवू नकोस. त्याच्या एका हातात वॉकीटॉकी असतो, दुसऱ्या हातात नटांची यादी आणि विंगेत अंधार असतो. बटण अंगठ्याने, न बघता दाबता आलं पाहिजे. "रद्द" एवढ्यालाच दुसऱ्यांदा विचार, बाकी कशाला नको. "१५ मिनिटं उशीर" दाबलं की त्याच मंचावरचे पुढचे कार्यक्रम आपोआप ढकलायचे का, हा प्रश्न येईल. माझं मत: ढकलू नकोस, पुढच्यांवर "उशीर होण्याची शक्यता" असं लिही. कारण मधे जेवणाची सुट्टी असते, ती कापून आयोजक पुन्हा वेळेवर येतात आणि तुझं ॲप मात्र लोकांना पाऊण तास उशिरा पाठवतं.

प्रत्येक मंचाला दोन माणसं नेम, नावानिशी, पाळीनिशी. मोठ्या स्पर्धेच्या मधोमध पाळी बदलू नकोस. आणि पाहुण्याच्या पडद्यावर ठळक दाखव: "माहिती १२:४० ची". नेटवर्क गेल्यावर जुनी माहिती दिसणारच, पण ती किती जुनी आहे हे माणसाला कळायला हवं. १० मिनिटांपूर्वीची असेल तर तो निर्धास्त निघेल, दोन तासांपूर्वीची असेल तर कुणाला तरी विचारेल.

आता नेटवर्कचं. मैदानावर रात्री हजारो लोक एकत्र आले की फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी काही उघडत नाही. दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते सांगतात, त्या टॉवरवर जागा किती शिल्लक आहे ते नाही. तेव्हा ॲप इंटरनेट नाही असं धरूनच बांध. वेळापत्रक, नकाशा, मदतीचे नंबर सगळं ॲपच्या आतच, उतरवतानाच आलेलं. नेट मिळालं तर ताजं, नाही मिळालं तरी उपयोगाचं. वर्तुळ गरगर फिरवत रिकामा पडदा दाखवणं बंद. आयोजकांना मोबाइल कंपन्यांकडे फिरता टॉवर मागता येतो, ते पत्र प्राचार्यांच्या सहीने आत्ताच जायला हवं. पण तो आला तरी भरवसा त्याच्यावर ठेवू नकोस.

पहिल्या पडद्यावर "आत्ता" आणि "पुढच्या तासात" एवढंच. आवारात उभ्या माणसाला तीन दिवसांची यादी नको असते. ती दुसऱ्या पानावर.

---

जुई_टीई · मंगळवार, दुपारी १:२०

दादा, विंगेतल्या पानाचं डोक्यातच आलं नव्हतं. आज नाट्यविभागाच्या मुलांशी बोलले. ते म्हणाले, "असं पान असेल तर आम्ही करू, पण लॉगिन-पासवर्ड लक्षात ठेवायला लावू नका." प्रत्येक मंचाची वेगळी गुप्त लिंक करून त्यांच्या फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवायची, असं ठरवतेय.

दोन अडचणी राहिल्या. एक, कमिटीला लॉगिन हवंच आहे, कारण प्रायोजकाला "किती लोक आले" ते दाखवायचंय. दुसरी, नकाशा. गूगलचा नकाशा लावला तर आमच्या आतल्या पायवाटा आणि पायऱ्या त्यात नाहीत. चालायचा रस्ता विचारला की तो मागच्या रस्त्याने फिरवून नेतो.

---

पायवाट · मंगळवार, सायंकाळी ६:३५

नकाशाबद्दल मी सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर गेली काही वर्षं काम करतोय.

गूगलच्या नकाशाचे तुकडे ॲपमध्ये साठवून ऑफलाइन वापरायला त्यांच्या अटींमध्ये परवानगी नाही, तेव्हा तो विषय तसाही संपला. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा साठवता येतो, श्रेय मात्र द्यावं लागतं. एका शनिवारी चौघं मिळून आवार पायी फिरा. फोनवर व्हेस्पुची हे नकाशा भरायचं ॲप टाका आणि पायवाटा, पायऱ्या, रॅम्प, पाण्याच्या टाक्या, स्वच्छतागृहं, फाटकं भरा. पायऱ्यांना "पायऱ्या" म्हणूनच नोंदवा, साधी वाट म्हणून नको. नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईला तुमचा नकाशा थेट पायऱ्यांच्या पायथ्याशी नेऊन सोडेल. हा डेटा महोत्सवानंतरही सगळ्यांच्या उपयोगी राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण ॲपमध्ये तो डेटा जसाच्या तसा दाखवू नका. त्यावरून एक साधं चित्र काढा: खाली हायवे, वर मैदान, मधे मोठ्या चार-पाच खुणा. उत्तर दिशा वर असलीच पाहिजे असं काही नाही. तुमच्याकडे चढ हीच दिशा आहे, म्हणून चढ वरच्या बाजूला. अंतर मीटरमध्ये न लिहिता चालायची मिनिटं लिहा आणि चढताना, उतरताना वेगळी. ती मिनिटं तरण्या पोराला घेऊन मोजू नका, घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना सोबत घ्या.

निळा ठिपका हवाच असेल तर जीपीएसला इंटरनेट लागत नाही. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. पण नेटची मदत नसेल तर पहिली जागा सापडायला वेळ लागतो आणि इमारतीत ठिपका भरकटतो. त्यापेक्षा खांबांवर मोठ्या अक्षरांत "अ ३", "ब २" असे फलक लावा आणि तेच क्रमांक नकाशावर द्या. हरवलेला माणूस फोनवर मित्राला "मी ब २ पाशी उभा आहे" एवढं सांगू शकतो. रुग्णवाहिकेला बोलावतानाही तेच कामाला येतं.

जागांच्या नावांकडेही बघा. पवईला आयआयटीत मूड इंडिगो १९७१ पासून होतो, टेकफेस्ट १९९८ पासून. तिथली मुलं "कॉन्वो", "सॅक", "एलएच" असं बोलतात. आतल्याला ते पाठ असतं. पण कांजूरमार्गला उतरून पहिल्यांदा मेन गेटवर आलेल्या पोराने "कॉन्वो" कुठं शोधायचं? तुमच्याकडेही असली टोपणनावं असतीलच. ॲपमधलं नाव, पोस्टरवरचं नाव आणि इमारतीवर रंगवलेलं नाव एकच ठेवा. इमारतीवर नाव नसेल तर कापडी फलक लावा. ॲपपेक्षा तो फलक स्वस्त आहे.

---

संघव्यवस्थापक_मॅडम · मंगळवार, रात्री ९:१०

जुई बाळा, मी सॉफ्टवेअरमधली नाही. एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवते आणि दर वर्षी आमच्या मुलींचा लोकनृत्याचा संघ घेऊन युवा महोत्सवाला जाते. तुमच्या "पाहुण्यां"मध्ये आम्हीही येतो, म्हणून लिहिते.

आमचा दिवस कसा असतो ते सांगते. पहाटे पाचला गाडी निघते. नऊला गेटवर. नोंदणी एका इमारतीत, भोजनाची कूपनं दुसरीकडे, ग्रीन रूम तिसरीकडे. माझ्यासोबत बारा मुली, ढोलकी, संबळ, झांजा, दोन पेट्या दागिने आणि इस्त्री केलेल्या नऊवारी हँगरवर धरलेल्या. मला एकच गोष्ट हवी असते: आम्ही आत्ता कितव्या क्रमांकावर आहोत? "लोकनृत्य, सकाळी ११" हे आमच्या काही कामाचं नाही. ११ ला सुरू होतं, आमचा क्रमांक सतरावा असतो आणि नऊवारी नेसवून, खोपा बांधून, मेकअप करून मुली तयार करायला दीड-दोन तास लागतात. फार आधी तयार केल्या तर घाम येऊन मेकअप उतरतो, मुली पाणी पीत नाहीत कारण नेसल्यावर बाथरूमला जायचं संकट. उशीर झाला तर पुकारा होतो आणि नाव जातं. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी आमच्या आधीचे तीन संघ आलेच नाहीत, क्रमांक धडाधड पुढे सरकला आणि आमच्या दोघी मुली केसांत अर्ध्या पिना असताना मंचावर गेल्या. छान नाचल्या पोरी. पण मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा त्या विंगेतल्या मुलाच्या पानावर अजून एक बटण दे: "पुढचा संघ". तो दाबेल तसा आकडा पुढे जाईल. माझ्या फोनवर एवढंच दिसू दे: आत्ता मंचावर ९, तुमचा १७. मग मी बघते कधी काय नेसवायचं ते.

आणि मंचावर जाताना मुलींकडे फोन नसतात. सगळ्यांचे फोन एका पिशवीत माझ्याकडे. ॲपमध्ये काहीही आलं तरी त्यांना कळत नाही. गटाचं वेळापत्रक एका पानावर छापून घेता येईल अशी सोय केलीस तर ते पान मी ग्रीन रूमच्या दाराला चिकटवेन.

अजून तीन गोष्टी कुणी लिहीत नाही, त्या लिही. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का. सॅनिटरी पॅड कुठं मिळतील. आणि शेवटची एसटी किती वाजता, कारण आमच्यातल्या दोघीतिघी परस्पर घरी जातात.

---

शिरोरेषा · बुधवार, सकाळी ११:५०

मॅडमनी जे लिहिलंय ते ॲप करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. मी फक्त मराठीच्या प्रश्नावर बोलतो.

मराठी आधी बनवा, इंग्रजी नंतर. उलट केलंत तर प्रत्येक बटण इंग्रजी शब्दाच्या मापाचं होतं. ओळीची उंची वाढवा: वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार यांना जागा लागते. ठरावीक उंचीच्या बटणात "स्पर्धा"चा रफार कापला जातो, "नृत्य"चा ऋकार खालून कापला जातो. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी मथळ्यांची सवय इथं आणू नका, शिरोरेषा तुटते. फॉन्टसाठी मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त "मुक्ता" घ्या. फुकट आहे, मराठीच्या जोडाक्षरांना नीट आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. दुपारच्या उन्हात वाचायचंय, तेव्हा करड्यावर करडं नको. पांढऱ्यावर गडद काळा.

शोधाचं मात्र काळजीपूर्वक बघा. "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकात ते एकच चिन्ह असतं, दुसऱ्यात "अ" आणि त्यावर चंद्र वेगळा. दिसायला सारखंच, पण संगणकाला वेगळं, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायच्या प्रक्रियेने) ही दोन रूपं एक होत नाहीत. म्हणजे तुम्ही "ॲनिमेशन" एका पद्धतीने भरलंत आणि मुलीने दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केलं, तर तिला "काहीही सापडलं नाही" दिसेल. शोधण्याआधी दोन्ही बाजूंना स्वतः एकच रूप द्या. "ऱ्या"मधल्या ऱ ची दोन रूपं मात्र त्याच नॉर्मलायझेशनने एक होतात, ते चालवायला विसरू नका. शिवाय निम्मे लोक रोमन लिपीतच टाइप करणार, "natak" नाहीतर "naatak" असं, तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाला रोमन शोधशब्दही जोडा. तीनशे कार्यक्रमांचे शोधशब्द बसून हाताने भरले तरी एका दुपारचं काम आहे.

---

पडद्यामागे · बुधवार, रात्री ८:०५

जुई, लॉगिनबद्दल आणि त्याहून महत्त्वाच्या एका गोष्टीबद्दल.

लॉगिन नको. वेळापत्रक बघायला फोन नंबर मागणं म्हणजे दारातच माणसाला अडवणं. वर ओटीपी त्याच नेटवर्कवरून येणार जे रात्री कोलमडलेलं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार हजारो लोकांचे, त्यात शाळकरी मुलांचे नंबर गोळा करायचे तर त्याची जबाबदारीही कॉलेजवर येते. प्राचार्यांना हे वाक्य दाखव. प्रायोजकाला आकडा हवा असेल तर किती फोनवर ॲप उतरलं तो प्ले स्टोअरच देतं आणि गेटवर किती आले ते सुरक्षारक्षकांच्या हातातला काउंटर देतो. प्रायोजकाचा व्हिडिओ उघडताना नको, नकाशाच्या तळाशी त्यांचं चिन्ह ठेव. नकाशा दिवसभर उघडला जातो, त्यांचाही फायदा जास्त.

आता सूचना. फोनवर टुंग वाजवून येणारी सूचना हे ॲपमधलं सगळ्यात ताकदीचं हत्यार आहे आणि सगळ्यात जपून वापरायचं. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या कुसाट विद्यापीठात तंत्रमहोत्सवात संगीताचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक सभागृहाकडे धावले, पायऱ्यांवर माणसं माणसांवर पडली आणि ४ जणांचा जीव गेला. तिथं ॲपचा काही संबंध नव्हता. पण गर्दी एका क्षणी एका दाराकडे वळली की काय होतं ते त्यातून कळतं, आणि तुझ्या हातात असं बटण असणार आहे जे हजारो फोनवर एकदम "आता वरच्या गेटने या" म्हणू शकतं.

म्हणून मी काही नियम पाळतो. "दारं उघडली", "मोजक्याच जागा शिल्लक" अशा सूचना कधीच पाठवायच्या नाहीत. हॉल भरला की ते शांतपणे वेळापत्रकात दाखवायचं आणि शेजारी दुसरा चालू कार्यक्रम सुचवायचा. एखादा मोठा कार्यक्रम संपताना सगळ्यांना एकच वाट दाखवायची नाही. सुरक्षेशी संबंधित सूचना विंगेतल्या पोराच्या हातात द्यायची नाही. ती फक्त नियंत्रण कक्षातून जाईल, तिथं पोलीस आणि सुरक्षाप्रमुख बसलेले असतील आणि मजकूर आधीच लिहून, वाचून, मंजूर करून ठेवलेला असेल. पावसासाठी, वीज गेल्यासाठी, मूल हरवल्यासाठी वेगवेगळा. ऐन वेळी घाईत मराठी वाक्य लिहायला बसलात की त्यातून दोन अर्थ निघतात.

तांत्रिक बाजूने एक सापळा आहे. फायरबेस या गूगलच्या सेवेतून पाठवलेली सूचना फोनला नेट नसेल तर साठून राहते आणि मुदत दिली नाही तर ४ आठवडे जिवंत असते. समज, सायंकाळी सात वाजता तू पाठवलंस, "पाऊस येतोय, मैदानातून शांतपणे वसतिगृहाच्या बाजूला सरका." कुणाचा फोन रात्री दहाला नेटवर्कवर आला आणि त्याला तेव्हा हे वाचायला मिळालं. कोरड्या मैदानात, बँड रंगात असताना. म्हणून प्रत्येक सूचनेला मुदत दे, अशीला १० मिनिटांची. एकाच विषयावरच्या सूचनांना एकच कोलॅप्स की (सूचनेला जोडायचं गटाचं नाव) दे, म्हणजे साठलेल्या जुन्या जातात आणि शेवटची तेवढी पोचते. आणि मजकुरातच वेळ लिही: "सायं. ७:०५:" असं सुरुवातीला.

अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी मागावी लागते. ॲप उघडल्या उघडल्या मागू नकोस. माणूस एखाद्या कार्यक्रमापुढे चांदणी लावेल तेव्हा विचार: "हा कार्यक्रम पुढेमागे झाला तर कळवू का?" तेव्हा लोक हो म्हणतात, कारण कशासाठी ते त्यांना दिसतं.

एवढं करूनही ध्वनिक्षेपकावर बोलणारा माणूस आणि हातात फलक धरलेले स्वयंसेवक लागणारच. जीव सांभाळायचं काम ॲपवर सोपवू नका, हे कमिटीला लेखी दे.

---

जुई_टीई · शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

काल बैठक झाली. वही घेऊन गेले आणि मॅडमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या सांस्कृतिक विभागाचे सर स्वतः संघ घेऊन जातात, ते लगेच म्हणाले, "क्रमांकाचं बटण आधी करा." लॉगिन गेलं. चॅटबॉट आणि फोटोंची भिंत गेली. गुणांचा तक्ता राहिला, तो मुलांना खरंच हवा असतो. प्रायोजकाचं चिन्ह नकाशाखाली. सूचना दोन प्रकारच्या: कार्यक्रमाच्या बदलाची फक्त चांदणी लावलेल्यांना, आणि सुरक्षेची फक्त नियंत्रण कक्षातून. सुरक्षेचे मजकूर लिहायला पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातल्या साहेबांना भेटणार आहोत.

आज आवार फिरून आलो. माझी आजी सोबत होती. खालच्या गेटपासून मैदानापर्यंत आम्ही एरवी जितक्या वेळात जातो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ तिला लागला. लायब्ररीच्या वळणावर तिला बसायला जागाच नव्हती, म्हणून तिथं बाक ठेवायचं पत्र लिहिलंय. मुख्य इमारतीच्या मागचा रॅम्प कुणालाच माहीत नव्हता, झाडीत गेलाय. तो साफ करून घेतोय आणि नकाशावर टाकतोय.

मॅडम, कपडे बदलायच्या खोल्या बघितल्या. दोन खोल्यांना आतून कडी नाही. सोमवारी सुतार येतोय.

एक प्रश्न उरलाय. विंगेतल्या पानाची तालीम कुठं घ्यावी? महोत्सवाआधी दुसरा मोठा कार्यक्रम नाही.

---

पडद्यामागे · शनिवार, रात्री १०:१२

स्नेहसंमेलनाची किंवा आंतरवर्गीय एकांकिकांची निवडफेरी असेल ना डिसेंबरात? ती घे. एकच मंच, ओळखीची माणसं, क्रमाने येणारे गट. विंगेत तोच मुलगा उभा कर जो जानेवारीत असणार आहे. तू स्वतः प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बस, फोन एअरप्लेन मोडवर टाक, मधेच चालू कर आणि बघ माहिती किती वेळात ताजी होते. त्या मुलाला काही सांगू नकोस. कुठलं बटण त्याने दाबलं नाही ते लिहून ठेव आणि संपल्यावर का नाही दाबलं ते विचार.

---

संघव्यवस्थापक_मॅडम · रविवार, सकाळी ८:००

कडी आतून लावल्यावर बाहेर "आत मुली आहेत" अशी पाटीही लटकवायला ठेव बरं. जानेवारीत आमचा संघ नोंदवते. यंदा गोंधळ बसवतोय, संबळ वाजवणारी मुलगी पहिल्या वर्षाची आहे.